नौकेचं सुकाणू जड झालंय – हायड्रॉलिक बसवू की आहे तेच सुधारू?

पाजपंढरीकर
नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत होतो, आता धागा काढायची वेळ आली.

आमची नौका ४२ फूट, लाकडी, वरून फायबर मारलेली. सहा सिलिंडरचं इनबोर्ड इंजिन. केबिनमध्ये व्हील, व्हीलमागे चेन, चेनच्या दोन्ही टोकांना वायररोप आणि ती दोन्ही कठड्यांच्या कडेने पुल्यांवरून मागे सुकाणूच्या क्वाड्रंटला (सुकाणूच्या डोक्यावरची कमान, तिलाच वायर ओढते). म्हणजे हर्णैत कितीतरी नौकांना आहे तेच.

पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर नौका पाण्यात सोडली तेव्हा व्हील अगदी हलकं होतं. नारळी पौर्णिमेच्या सुमारास तांडेल (नौका हाकणारा) कुरकुरायला लागला. आता गणपती गेले आणि व्हील फिरवायला दोन हात कमी पडतात, गुडघा लावावा लागतो. उघड्या समुद्रात एक वेळ निभावतं. पण वारा वाढला की नौका आंजर्ल्याच्या खाडीत घ्यावी लागते, आणि तिथे तोंडाशी गाळ कुठे सरकलाय याचा नेम नसतो. तिथे वेळेवर वळली नाही तर काय होतं ते इथे सांगायला नको.

मिस्त्री म्हणतो जुनं सगळं काढा, हायड्रॉलिक बसवा. खर्च लाखाच्या घरात. बाबा म्हणतात, आपल्या आज्याने शिडावर नौका हाकली, तुम्हाला आता तेलावरचं व्हील पाहिजे? दोघांच्या कात्रीत मी. कोणी बसवलंय का?

गनमेटल
पैसे काढायच्या आधी एवढं सांगा. नांगरावर, इंजिन बंद असतानाही जड लागतं की फक्त चालताना? दोन्ही अंगांना सारखंच की एकाच अंगाला? आणि बंदीत सुकाणूचं काय काम केलंत?

नांगरावरही जड असेल तर कुठेतरी घासतंय किंवा आवळलंय. नांगरावर हलकं आणि वेगात जड असेल तर तो पाण्याचा रेटा, त्याचा इलाज वेगळा. एकाच ठिकाणी अडकून पुढे सुटत असेल तर सुकाणूचा शाफ्ट वाकलाय का बघा.

ते शोधायला एक पाना पुरतो. क्वाड्रंटवरची दोन्ही शॅकल (वायर अडकवायच्या कड्या) सोडा, वायर मोकळी करा. टोकं एकमेकांना दोरीने बांधा म्हणजे पुलीवरून उतरणार नाहीत. आता केबिनमधून व्हील फिरवा. मग मागे जाऊन सुकाणूच्या डोक्यावर पाइप लावा आणि नुसतं सुकाणू फिरवून बघा. दोन्हीपैकी जे जड, आजार तिथे.

हे न करता हायड्रॉलिक बसवलंत तर आजार जागेवरच राहील, फक्त तुमच्या हाताला कळायचा बंद होईल. मग एक दिवस सिलिंडरचा रॉड वाकेल नाहीतर सील जाईल.

बांगडा_फ्राय
एवढं कशाला डोकं लावताय राव. भंगारात ट्रकचा पॉवर स्टेअरिंग बॉक्स मिळतो, पंपासकट. इंजिनच्या पुढच्या पुलीवर पट्टा चढवा, बॉक्सचा आर्म क्वाड्रंटला जोडा, विषय संपला. हायड्रॉलिकच्या निम्म्या पैशात. एका बोटाने फिरतं.

देवगडचा_दर्या
बांगडाशेठ, आमच्या मामाच्या नौकेवर तेच आहे म्हणून बोलतो. फिरतं छान, खोटं कशाला बोलू. पण पंप इंजिनच्या जिवावर चालतो. जाळं ओढताना इंजिन मंद ठेवलेलं असतं, तेव्हा पंप तेल कमी ढकलतो आणि व्हील जड होतं. म्हणजे नौका जाळ्यावरून बाजूला घ्यायची असते नेमकी तेव्हा.

आणि इंजिनच बंद पडलं तर? डिझेलमध्ये पाणी आलं, फिल्टर चोंदला, असं कोणाचं होत नाही? मग तो बॉक्स हाताने फिरवायचा म्हणजे दोन गडी. शिवाय तो ट्रकखाली बसायला बनवलाय. खारं पाणी रोज अंगावर घेणं त्याच्या सीलच्या नशिबी नव्हतं. मामा दर बंदीत तो उघडतो आणि दर बंदीत शिव्या घालतो.

कर्लीचो_मासो
अरे बाबानू, आधी पाण्यात उतरान सुकाणू बघितलास काय? हय मालवणाक एकाचा असाच झाला हुता. वायर बदलली, पुली बदलली, आणि शेवटाक बघतत तर सुकाणू आणि खालच्या पट्टीच्या मधी जाळ्याचो तुकडो गुतलेलो. नायलॉनचो, घट आवळलेलो. सुरयेन कापलो नि झाला काम. उगाच लाख रुपये घालू नको हां.

पाजपंढरीकर
सगळ्यांचे आभार. कर्लीदादा, खाली पोरगा उतरवला. जाळं नाही, शिंपले थोडे होते ते खरवडले. फरक शून्य.

गनमेटल यांनी सांगितलं तसं केलं. नांगरावर, इंजिन बंद, दोन्ही अंगांना सारखंच जड. वायर सोडल्यावर केबिनमधलं व्हील बऱ्यापैकी मोकळं फिरलं. मागच्या डाव्या कोपऱ्यातली पुली मात्र फिरतच नाही, वायर तिच्यावरून घासत जाते. खोबणीत वायरीच्या लडींचे वण उमटलेत.

पण खरी गंमत मागे. सुकाणूच्या डोक्यावर चार फुटी पाइप लावला तर आम्ही दोघांनी मिळून ते कसंबसं हललं. आणि हलताना आवाज नाही, खरखर नाही. नुसतं घट्ट.

बंदीत सुकाणू उतरवलं होतं. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) झिजून शाफ्ट खडखडत होता, म्हणून नवीन बुश बसवली. तेव्हा वर्कशॉपमध्ये शाफ्ट हाताने फिरवून दाखवला होता, मख्खन फिरत होता.

गनमेटल
बुश कशाची?

पाजपंढरीकर
पांढरी. प्लॅस्टिकसारखी. टर्नर म्हणाला गंजणार नाही, ग्रीस लागणार नाही.

गनमेटल
झालं. कर्लीदादा, तुमचं निम्मं बरोबर निघालं. नायलॉनच आहे, फक्त जाळ्याचं नाही.

साधं नायलॉन पाणी पितं. पूर्ण भिजलं की स्वतःच्या वजनाच्या ८ ते १० टक्के पाणी आत घेतं आणि फुगतं. तेही एका दिवसात नाही, जाडीप्रमाणे काही आठवडे लागतात. आता तुमचा हिशेब बघा: ऑगस्टच्या सुरुवातीला हलकं, पौर्णिमेला कुरकुर, गणपतीनंतर गुडघा. बुश बाहेरून लोखंडी नळीत ठोकून बसवलेली, म्हणजे बाहेरच्या अंगाला फुगायला जागा नाही. फुगायचं तर आतच, शाफ्टच्या दिशेने. खरखर नाही, नुसतं घट्ट, हे तुम्ही लिहिलंत तेव्हाच शंका आली होती. गंज किंवा वाळू असती तर करकरलं असतं.

आणि ग्लँड बघितलीत का? डोक्यापाशी पाणी आत येऊ नये म्हणून जी दोरी भरतात, तिचे नट कोणी आवळलेत का?

टर्नर_रत्नांग्री
मी याच धंद्यात, म्हणून टर्नरच्या बाजूने दोन शब्द. नायलॉन वाईट नाही, माप सुक्यात घेतलं ते वाईट. ४५ मिमीच्या शाफ्टला त्याने गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) बुशीसारखी पाव मिलिमीटर ढील ठेवली असणार. वर्कशॉपमध्ये मस्त फिरणारच. मोठ्या जहाजांच्या नियमात सुकाणूच्या कृत्रिम बुशीला व्यासावर दीड मिलिमीटरपेक्षा कमी ढील सहसा चालत नाही, बुश बनवणाऱ्याने लेखी कमी सांगितली असेल तरच. ते नियम आपल्या नौकांना लागू नाहीत, पण त्यामागचं कारण लागू आहे.

प्लॅस्टिकच हवं असेल तर डेलरिन घ्या, ते पाणी फार कमी पितं. दिसायला दोन्ही पांढरे, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि भावात फरक आहे. बाकी तुम्हीच समजा. माझं मत विचाराल तर गनमेटल घाला, वर ग्रीसचं निपल काढून घ्या, आणि पंधरवड्याला दोन पंप ग्रीस मारा. शाफ्ट स्टेनलेस आहे ना? साध्या लोखंडाचा असेल तर गनमेटलजवळ तो खाऱ्या पाण्यात लवकर खाल्ला जातो. झिंकचे तुकडे (शाफ्टऐवजी ते झिजतात) नीट लावलेले पाहिजेत आणि त्यांच्यावर रंग मारू नका. रंग मारलेलं झिंक मी दर वर्षी बघतो.

पाजपंढरीकर
शाफ्ट स्टेनलेस. झिंकवर रंग आहे. 🙏

ग्लँडचं विचारलंत. सुकाणू जड लागायला लागलं तेव्हा खलाशाने "तिथून पाणी येतंय वाटतं" म्हणून नट आवळले होते म्हणे.

गनमेटल
सुकाणूची ग्लँड बहुतेक नौकांना पाण्याच्या रेषेच्या वर किंवा जेमतेम रेषेवर असते. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टची ग्लँड थेंब-थेंब गळली पाहिजे, नाहीतर तापते. सुकाणूच्या ग्लँडला ते लागू नाही, पण म्हणून ती मरेस्तोवर आवळायची असंही नाही. जुनी दोरी हुकाने पूर्ण काढा. नवी घालताना प्रत्येक कडी वेगळी कापा आणि सांधे एकावर एक येऊ देऊ नका. नट हाताने बसवा, मग पान्याने थोडं-थोडं, दोन्ही बाजूंना सारखं. एक बाजू जास्त आवळली की ग्लँड तिरकी बसते आणि शाफ्टला चावते.

पुलीचंही सांगतो, कारण ते काम कोणी मन लावून करत नाही. वायर किती जाडीची?

पाजपंढरीकर
६ मिमी. पुल्या दोन इंची.

गनमेटल
पुलीचा व्यास वायरच्या १६ पट तरी हवा. सहा मिलिमीटरला ९६, म्हणजे चार इंची पुली. दोन इंचीवर वायर प्रत्येक वळणाला बळजबरीने वाकते, तारा आतून तुटतात, आणि तुमच्या हाताचं बळ वायर वाकवण्यात जातं. अशा किती पुल्या आहेत मोजा. सहा असतील तर सहा ठिकाणी जातं.

वायर घेताना ७ बाय १९ मागा: सात लडी, प्रत्येकीत १९ तारा. ती मऊ असते. १ बाय १९ ची कडक वायर डोलकाठीचा ताण धरायला ठीक, पुलीवर नाही. जुनी वायर तपासायला जाड फडकं धरून ओढा, तळहात नको. तुटकी तार फडक्यात अडकते. क्लॅम्प लावताना यू-बोल्ट नेहमी वायरच्या आखूड, मोकळ्या टोकावर आणि खोगीर (क्लॅम्पचा खोबणीचा तुकडा) लांब, ताणाच्या बाजूला. उलटा लावला की भार घेणारी वायरच चेंगरते. ताण बेताचा ठेवा. सतारीसारखी वाजली पाहिजे असं काही नाही.

वल्ह्याचा_जमाना
धागा चोरतोय, माफी. आमची २२ फुटी फायबरची होडी, ४० एचपीचं आऊटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेलं मशीन), पुढे व्हील आणि एकच जाड केबल मागे मशीनला. श्रीवर्धनला जीवना बंदरात असते. चार दिवस उभी राहिली की व्हील हलतच नाही, मग हाताने मशीन ढकललं की सुटतं. केबलमध्ये तेल सोडू का?

गनमेटल
सोडू नका. ती केबल आतून बंद असते, टोकातून तेल घालून आत फार जात नाही आणि गेलं तरी आतल्या मूळ ग्रीसची वाट लागते.

मशीनच्या पुढच्या बाजूला आडवी नळी आहे ना, ज्यातून केबलचा स्टीलचा दांडा जातो? ग्रीस सुकून आणि मीठ साचून तिथेच धरतं. मशीनला जोडणारी छोटी दांडी सोडा. मशीन हाताने मोकळं फिरलं आणि व्हील तरी जड, तर दोष केबल-नळीत. मशीनच जड, तर त्याच्या उभ्या खुंट्याला ग्रीस नाही, तिथे निपल असतं. केबलचं मोठं नट सोडून दांडा नळीतून काढा, चमकेपर्यंत पुसा, नळी आतून ब्रशने साफ करा, मरीन ग्रीस लावून परत घाला. निपलमधून ग्रीस मारताना दांडा पूर्ण आत घेतलेला असू द्या. बाहेर असताना मारलं तर आत ग्रीस कोंडतं आणि मग व्हील खरंच हलणार नाही.

दांडा साफ करूनही केबल जड असेल तर केबल गेली. ती दुरुस्त होत नाही, बदलायची. नवी टाकताना वळणं कमी आणि मोठी ठेवा, आठ इंचांपेक्षा आवळ वळण नको.

डिझेल_काका
मूळ प्रश्न हायड्रॉलिकचा होता, त्यावर कोणीच धड बोललं नाही म्हणून लिहितो. मिरकरवाड्यात आमच्या पर्ससीनला (गोल वेढा घालणाऱ्या जाळ्याच्या नौकेला) आहे आणि मी खूश आहे. पण समजून घ्या. व्हीलमागे हातपंप, मागे सिलिंडर, मध्ये दोन नळ्या. इंजिनशी संबंध नाही, त्यामुळे दर्या म्हणतो ती भानगड नाही.

हलकं की जलद, यातलं एक निवडावं लागतं. सिलिंडरमध्ये किती तेल मावतं भागिले पंप एका फेऱ्यात किती ढकलतो, तेवढे फेरे या टोकापासून त्या टोकापर्यंत. ४० मिमीचा सिलिंडर, २० मिमीचा आरपार रॉड, २०० मिमी चाल: साधारण १८८ सीसी. पंप ३० सीसीचा तर सव्वासहा फेरे. २० सीसीचा घेतला तर हाताला हलकं, पण साडेनऊच्या जवळ फेरे. आंजर्ल्याच्या तोंडाशी तुम्हाला साडेनऊ फेरे मारायला वेळ आहे का, ते तुम्ही ठरवा. दुकानदार हे सांगत नाही, तो फक्त "हलकं चालेल" म्हणतो.

तेल पातळ असतं, ग्रेड १५ चं हायड्रॉलिक तेल. आमच्याकडे एकाने गिअर ऑइल भरलं, थंडीत पहाटे व्हील चिखलात फिरवल्यासारखं. दुसऱ्याने ब्रेक ऑइल भरलं, त्याचे सगळे सील गेले. हवा राहिली तर व्हील फिरतं पण सुकाणू मागून येतं. ती काढायला दोन माणसं लागतात: एक व्हीलवर, एक सिलिंडरच्या ब्लीड (हवा सोडायच्या) निपलवर, आणि तिसरा पंपाची टाकी रिकामी होऊ न देणारा. म्हणजे तीन.

पाजपंढरीकर
उशीर झाला, कामात होतो. अमावास्येच्या उधाणाला ओहोटी खूप खाली गेली, तेव्हा नौका वाळूवर बसवून दोन्ही अंगांना टेकू लावले आणि सुकाणू खाली उतरवलं. पुढची भरती यायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून गनमेटलची बुश आधीच करून ठेवली होती.

जुनी बुश शाफ्टवरून निघेना. शेवटी करवतीने उभी चिरली तेव्हा सुटली. आतून काळी, काचेसारखी चकाकत होती. चिरलेला तुकडा बाबांनी खिशात टाकलाय, मिस्त्रीला दाखवायला.

ग्लँडची दोरी बदलली. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत चार इंची पुल्या घातल्या, बाकीच्या पुढच्या बंदीत. वायर नवी. नांगरावर आता व्हील एका हाताने फिरतं. तांडेल खूश. पण फुल थ्रॉटलला अजून जड आहे, आधीइतकं नाही, तरी आहे. दोन वर्षांपूर्वी इंजिन मोठं टाकलं तेव्हापासून थोडं होतंच म्हणतो तो.

गनमेटल
हा दुसरा आजार, आणि याला बुश जबाबदार नाही. सुकाणूवरचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. चार नॉटला जो आहे तो आठ नॉटला चौपट. मोठं इंजिन म्हणजे पंख्याचं पाणीही सुकाणूवर जोरात आदळणार.

तुमचं सुकाणू शाफ्टच्या पूर्ण मागे आहे की थोडा भाग पुढेही आहे?

पाजपंढरीकर
पूर्ण मागे. सपाट प्लेट.

गनमेटल
मग सगळा रेटा तुमच्या हातावर. शाफ्टच्या पुढे थोडं पातं असलं तर पुढचा रेटा मागच्याला थोपवतो. एकूण क्षेत्रफळाच्या १५ ते २० टक्के पुढे ठेवतात. तीस-पस्तीस टक्के केलंत तर उलटंच होईल, सुकाणू स्वतःच वळायला बघेल आणि व्हील सोडलं की एका अंगाला जाऊन बसेल. पट्टी वेल्ड करण्याआधी पंखा आणि सुकाणूमधली जागा मोजा, दोन्ही टोकांपर्यंत वळवून. हे घाईत ओहोटीवर करू नका, जूनमध्ये नौका वर घ्याल तेव्हा करा.

त्यानंतरही जड वाटलं तर हायड्रॉलिक खुशाल बसवा, तेव्हा पैसे सार्थकी लागतील. मात्र डिझेलकाकांना विचारून सिलिंडरवर बायपास व्हॉल्व्ह घ्या, म्हणजे नळी फुटली तर तो उघडून सुकाणू पाइपने फिरवता येईल. आणि तो चार फुटी पाइप घरी नेऊ नका, सुकाणूच्या डोक्यावर बसतोय ना, मग नौकेवरच बांधून ठेवा.

डिझेल_काका
+१. बायपास नसेल तर बंद सिलिंडरविरुद्ध पाइप ओढत बसाल.

बांगडा_फ्राय
माझ्याकडे ट्रकचा बॉक्स पडून आहे, पंपासकट. आता कोणी घेईलसं वाटत नाही 😄

देवगडचा_दर्या
मामाला विचारतो. त्याचा परत गळतोय.

वल्ह्याचा_जमाना
नळी साफ केली, दांड्यावर पांढरं मीठ आणि सुकलेलं ग्रीस पापुद्र्यांनी निघालं. तरी केबल जडच, म्हणजे गेली. नवी मागवायची तर लांबी कशी मोजू? जुनी वळणावळणाने गेलीय, टेप लावायला जागा नाही.

गनमेटल
टेप नको. जुन्या केबलच्या काळ्या कव्हरवर नंबर छापलेला असतो, बऱ्याच कंपन्यांच्या केबलवर त्याचे शेवटचे दोन आकडे म्हणजे फुटातली लांबी. व्हीलच्या बाजूने शोधा, मशीनच्या बाजूचा छापा उन्हाने गेलेला असतो.